अंधारातली प्लेट

१ मार्च २०११, पनवेल
आजपासून शिस्त. प्रयोग तसा सोपा. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी, त्यांच्यावर आमचं औषध. उजेड पडला की औषध जागं होतं आणि पेशी मरतात. एक प्लेट उजेडात, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात. अंधारातली जगायलाच हवी, नाहीतर सिद्ध काय होणार? बाबांचा कॅन्सरही तोंडाचाच. डॉक्टरांनी हात टेकलेत, मी नाही. रविवारी घरी, जासईला जाऊन त्यांना हे सांगणार.

६ मार्च, रविवार
जासई रद्द. सकाळीच औषध घातलंय, पेशींना एकटं टाकून कसं जाणार? संध्याकाळी फॉइल काढून अंधारातली प्लेट मायक्रोस्कोपखाली पाहिली. मजेत आहेत.

९ मार्च
धाकट्या बहिणीचा, रंजिताचा फोन. बाबांना आता पाणीही गिळवत नाही म्हणाली. "दादा, बाबांना तुला बगाचा हाय. बाकी काय नाय." तिला प्रयोगाचं महत्त्व समजावलं. ती गप्प झाली, म्हणजे पटलं असावं. येत्या रविवारी नक्की. नंतर मन लागेना, म्हणून प्लेट पाहिली. जेवायला जाण्याआधी पुन्हा पाहिली. उद्यापासून डोकावणं बंद.

१० मार्च
तीनदाच पाहिली.

११ मार्च
पेशी मेली की तिच्यातलं एन्झाइम बाहेर गळतं. आज ते मोजलं. उजेडातल्या पेशी खलास. वा! अंधारातल्याही खलास. फॉइल हलकी असणार, बाजारातून आणली होती. आमच्या गाइड नीता मॅडमनी फॉइलकडे पाहिलंही नाही. प्लेट किती वेळा उघडलीस, एवढंच विचारलं. काळजी वाटायची, मी म्हणालो.
"मायक्रोस्कोपचा दिवा म्हणजे उजेडच ना, धनेश?"
बाईंना माया म्हणजे काय ते कळत नाही.

१२ मार्च
नवी बॅच लावली. या वेळी प्लेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जमतंय मला. लॅबमध्ये फोन सायलेंटवर होता, रंजिताचे मिस्ड कॉल दिसतात. उद्या जातोच आहे, समोरासमोरच बोलू. बाबांना काय काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय. अंधारातल्या त्या मेलेल्या प्लेटचं मात्र सांगणार नाही.

१३ मार्च, रविवार, जासई
अंगणात माणसं बसलेली. बाबा पहाटेच गेले.
रंजिता माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मला हाताला धरून आत नेलं आणि बाबांच्या तोंडावरची चादर बाजूला केली.
"तुज्यासाठी थांबलो हाय आमी. बग आता."
मला बघवेना.