हळद्या, संख्या एक

३ मार्च, सकाळी.
ही भावाकडे गेली आहे. चार दिवसांसाठी. शिलाई मशीन नेलं, पण दुर्बीण आणि पक्ष्यांची वही इथेच. म्हणजे येणारच. बावीस वर्षं दर रविवारी ती तळ्यावर पक्षी बघायची आणि मी गाडीत बसून पेपर वाचायचो, एवढीच तिची तक्रार. किरकोळ. येईपर्यंत पक्षी शिकून टाकतो.

५ मार्च, ९.४०.
पक्षी नऊनंतर फारसे दिसत नाहीत म्हणे. उद्यापासून सहाला हजर. तिच्या वहीत चार रकाने: तारीख, पक्षी, संख्या, सोबत. 'सोबत'मध्ये पानोपान नुसती रेघ. त्याच वहीतल्या पुढच्या कोऱ्या पानांवर माझ्या नोंदी; तिथे मी 'ही' लिहून टाकलं. येणारच आहे, तर आधी भरलेलं बरं.

१२ मार्च, ९.२०.
अलार्म वाजला नसावा. गरुड दिसला! चहावाला म्हणाला, घार आहे. त्याला काय कळतंय. एकूण २३ जाती.

१९ मार्च.
हळद्या!! पिवळाधमक. हिला सात वर्षं हुलकावणी देतोय, मला पंधरा दिवसांत सापडला. दीड तास जागचा हलला नाही. फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, ती फांदीला अडकलेली प्लास्टिकची पिशवी आहे. उत्तर दिलं, हे महत्त्वाचं.

२ एप्रिल.
मेव्हण्याचा फोन. ही शनिवारी राहिलेलं सामान न्यायला येतेय. सामान हे निमित्त. दाढी करायची. वही समोरच ठेवायची. ४१ जाती!

६ एप्रिल, दुपार.
आली. चहा नको म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसून माझी पानं तपासली. ४१च्या ६ उरल्या. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग खोडरबर मागितलं आणि 'सोबत'मधली एकेक 'ही' पुसली. खोटी नोंद ठेवायची नसते, म्हणाली. परत येणार का, विचारलं. नाही म्हणाली, अगदी हळू. दुर्बीण आणि वही घेऊन गेली. माझी पानं नीट फाडून टेबलावर ठेवली होती.

७ एप्रिल, ६.१०.
पहिल्यांदाच वेळेवर. पिशवी अजून तिथेच, आणि तिच्या वरच्या फांदीवर हळद्या. खरा. उडाला, परत येऊन बसला. मी वळून गाडीकडे धावत हिला हाक मारली. गाडीत कोणी नव्हतं. तिथेच बसून खूप रडलो.
हळद्या. संख्या एक. 'सोबत'मध्ये रेघ मारली.