मारितच्या यंत्रातला आवाज

टोइव्होला, मिशिगन
१० जानेवारी १९९९

प्रिय हेल्मीताईंस,
स. न. वि. वि.

तुमचा वेलदोड्याचा पाव पोचला. मारितने वरची साखर तेवढी खाल्ली आणि उरलेला पाव माझ्यापुढे सरकवला. भाची तुमच्या भावावरच गेली आहे. तलाव पुन्हा गोठला. लोक बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसतात. मी त्या बाजूला जात नाही.

एका गोष्टीसाठी लिहिते आहे. पुढच्या महिन्यात शाळेत मारितच्या शिक्षणाच्या आराखड्याची बैठक आहे. तिला वर्षभर काय शिकवायचं, कशाच्या मदतीने, हे सगळे टेबलाभोवती बसून ठरवतात आणि शेवटी माझी सही लागते. वाचा-शिक्षिका बोड्रीबाई म्हणतात की बटण दाबलं की तिच्याऐवजी बोलणाऱ्या यंत्रातला आवाज आता बदलायला हवा. त्यातला शब्द न् शब्द तिच्या बाबाने, रेनोने, स्वतःच्या तोंडाने भरलेला. बाईंचं म्हणणं, दहा वर्षांच्या मुलीने लाकूडतोड्याच्या आवाजात दूध मागितलं की वर्गातली मुलं हसतात. नवा शब्द भरला की जुना पुसला जातो.

रेनो तलावाच्या बर्फाखाली गेला त्याला मार्चमध्ये वर्ष होईल. मारित बटण दाबते तेव्हा घरात त्याचा आवाज येतो. मी सही करणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सैमा

डुलुथ
१८ जानेवारी १९९९

चि. सैमास,
अनेक आशीर्वाद.

मुळीच सही करू नकोस. बोड्रीबाईंना सांग, डुलुथची म्हातारी येऊन त्यांच्या टेबलावरच बसेल. हसणारी पोरं हसून दमतील.

दर रविवारी मारित फोनला यंत्र लावते आणि माझा भाऊ मला हाक मारतो, कॉफी म्हणतो. तेवढ्यासाठी मी चर्चमधून लवकर निघते. पाद्रीबुवा विचारतात, तेव्हा गुडघ्यांचं नाव पुढे करते. पण काल तो म्हणाला, हेल्मी, घरी, ये. हे त्याने कधी भरलं? भीती वाटली की बरं वाटलं, ते अजून सांगता येत नाही.

मारितच्या गालाला माझा हात लाव. तुझ्या तब्येतीचं लिहीत जा.

तुझी,
हेल्मी

टोइव्होला
१ फेब्रुवारी १९९९

प्रिय हेल्मीताईंस,
स. न. वि. वि.

ते वाक्य त्याने भरलेलं नाही. सुटे शब्द त्याचे, जोडते मारित. यंदाच्या आराखड्यात तिचं उद्दिष्टच ते होतं: शब्द जोडून स्वतःचं वाक्य करायचं. नाताळपासून जमायला लागलं. शाळेत टाळ्या वाजल्या. घरी मात्र रेनो जन्मात कधी बोलला नव्हता ते बोलू लागला. बाई त्याचे शब्द टेपवर उतरवून द्यायला तयार आहेत. पण टेपमधला रेनो जुनंच बोलेल. यंत्रातला रोज नवं बोलतो.

तुम्ही रागवाल, तरी सांगते. गुरुवारी दुपारी सौनाच्या गरम न्हाणीसाठी लाकडं आणत होते. मागचं दार उघडं होतं. यंत्र म्हणालं, थंड, आई, ये. मारितच्या देखत तो मला आईच म्हणायचा. तोच घोगरा, घाई नसलेला आवाज. पुन्हा म्हणाला. मी लाकडं खाली ठेवली आणि तलावाकडे चालू लागले. बोलावलं म्हणून गेले, दुसरं काही सांगता येत नाही. आवाज पाठीमागून येत होता आणि मला तो समोरून, बर्फाखालून येतोय असंच वाटत होतं.

शेजारचे ऑर्व्हो तिथे गळ टाकून बसले होते. त्यांनी ओरडून विचारलं की घरातल्या चपला घालून बर्फावर यायची ही कुठली नवी फॅशन. तेव्हा मी थांबले. परत आले तर मारित तिच्या चाकाच्या खुर्चीत, उघड्या दारात होती. ओठ निळे पडले होते.

तरीही सही करवेल असं वाटत नाही.

लोभ कमी करू नका.

तुमची,
सैमा

डुलुथ
६ फेब्रुवारी १९९९

चि. सैमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. रागवायला मला तोंड नाही. त्या रविवारी तो घरी ये म्हणाला, तेव्हा मीही उठून कोट शोधला होता. कोणत्या घरी जायला, ते देव जाणे.

पुसून टाक असं माझ्याच्याने लिहवत नाही. ठेव असंही नाही. आपण दोघी त्या आवाजापायी शाळेशी भांडतोय, पण बटण दाबते ती पोर. तिला बैठकीला ने. तिला विचारा.

जपून राहा. मागचं दार लावत जा.

तुझी,
हेल्मी

टोइव्होला
२० फेब्रुवारी १९९९

प्रिय हेल्मीताईंस,
स. न. वि. वि.

मारितला नेलं. आजवर तिच्या बैठकीला तीच तेवढी नसायची. नेहमीप्रमाणे आधी तिला काय काय छान येतं ते सगळ्यांनी सांगितलं, मग आईला कशाची काळजी आहे ते विचारलं. मी म्हटलं, आवाज राहू द्या. बोड्रीबाईंनी वाद घातला नाही. मारितला म्हणाल्या की आता तू सांग.

तिने दाबलं, थंड, आई, ये.

माझी नजर खिडकीकडे गेली. बाकी सगळे मारितकडे बघत होते. बाई तिच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, कोणाला थंडी वाजते. रेनोच्या आवाजात उत्तर आलं, मी. मारितने हात स्वतःच्या छातीवर ठेवला होता. मग तिने दाबलं, दार.

ताई, त्या दुपारी तीच मला बोलावत होती. मी तिला उघड्या दारात सोडून तिच्याच हाकेला तलावाकडे गेले.

मी सही केली. नवे शब्द ऑर्व्होंच्या नातीने, लीनाने, भरले. निम्मं काम झालं तेव्हा एकाच वाक्यात एक शब्द रेनोचा, पुढचा त्या पोरीचा असं येऊ लागलं. मला ऐकवेना. संपेपर्यंत मी गाडीत बसून राहिले. टेप तुम्हाला पाठवते आहे, मला ती घरात नको. रविवारी फोनवर मुलीचा आवाज आला तर ठेवून देऊ नका. ती मारित आहे.

काल घरी आलो. मी दार लावलं, तिच्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या नव्या, पातळ आवाजात विचारलं, आई, कुठे, होती.

मी तिच्या समोरच उभी होते.

आम्हा दोघींवर लोभ असू द्या.

तुमची,
सैमा