डाव्या अंगठ्याची जागा

प्रिय डावखुरे,

फोनवर आपलं ‘जेवलीस का’, ‘जेवले’, ‘बरी आहेस ना’, ‘बरी आहे’ एवढ्यावर भागतं, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला पुढचं वाक्य सापडत नाही. तुलाही सापडत नसावं. घरी सगळं ठीक आहे. न्हाणीघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय, खाली बादली ठेवलीय. बाबा असते तर त्यांनी नळ खोलून त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडले असते आणि संध्याकाळपर्यंत आपल्याला थेंबभर पाणी मिळालं नसतं. मी प्लंबरला बोलावीन बोलावीन म्हणते आणि बादली ओतून येते.

कारखाना मात्र तू पाहिला होतास तसा राहिलेला नाही. जिथे बाबा उभे असायचे त्या ओळीत आता रोबो आहेत. पिवळे हात जाळीच्या आत फिरत असतात, माल उचलतात, मशीनमध्ये ठेवतात, काढतात. माल वाहायला एक चाकांची गाडी आलीय, तिची तीच चालते. तिचं नाव आमच्या लोकांनी ‘जावई’ ठेवलंय. सगळ्यांनी तिला वाट करून द्यायची, आणि वाटेत साधं फडकं पडलेलं दिसलं तरी ती रुसून जागच्या जागी उभी राहते. मग कुणीतरी जाऊन मनधरणी करायची. साहेबांनाही हे नाव ठाऊक आहे. त्यांना स्वतःला दोन जावई आहेत, त्यामुळे ते काही बोलत नाहीत. काचेच्या खोलीत छपाईच्या मशिनी आहेत. कागदाची छपाई नव्हे. पावडरीचा थर, त्यावर थर, असं करत अख्खी वस्तू उगवते. माझी तपासणीची खोली तिच्या शेजारीच आहे.

बाबा गेल्यावर मी लगेच कामावर गेले, ते तुला आवडलं नव्हतं. सगळे पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात तू मला विचारलंस, आई, तुला काहीच कसं वाटत नाही, दगड आहेस का तू? मी तेव्हा भांडी पुसत होते आणि पुसतच राहिले. त्यावर काय उत्तर द्यायचं ते मला आजही कळत नाही, कारण तू विचारलंस ते खरंच होतं. मला काही वाटत नव्हतं. अजूनही नाही. भूक लागते, झोप येते, बस चुकली की चिडचिड होते. त्याच्या पलीकडे काही जातच नाही, दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसं. आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्याकडे जुन्या ड्रिलिंग मशिनी अजून आहेत. छोट्या कामाला त्याच बऱ्या पडतात. हाताने लिव्हर खाली ओढायची, भोक पडतं. त्या लिव्हरच्या मुठी काळ्या कडक प्लास्टिकच्या, चपट्या. जवळजवळ सगळ्या तडकल्या होत्या, आणि त्या बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालीय. म्हणून ठरलं, एक धड मूठ घ्यायची, स्कॅन करायची आणि हव्या तेवढ्या छापायच्या. धड मूठ एकच निघाली, बाबांच्या मशीनची. तुला माहीतच आहे, मशीनला कुणी टेकलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. स्कॅन झाल्यावर मूठ परत मशीनला लावली आणि रोबोला जागा हवी म्हणून ती मशीनच भंगारात गेली. मी खिडकीतून पाहिली जाताना. मग डबा खाल्ला.

स्कॅन करणारी मुलगी तुझ्याहून थोडी लहान असेल. हुशार आहे, कानात सदा गाणी. तिला त्या मुठीत एका बाजूला खोलगट खाच दिसली. जुनी वस्तू स्कॅन केली की झिजलेला भाग कॉम्प्युटरवर भरून काढायचा असतो, हे तिला चांगलं ठाऊक आहे. पण ती खाच इतकी गुळगुळीत आणि नेमकी होती की तिला ती मुद्दाम घडवलेली वाटली. मला कौतुकाने म्हणालीसुद्धा, “काकू, जुने लोक किती विचार करायचे बघा, अंगठ्याला जागा ठेवलीय!” मी हो म्हटलं. छापून आलेल्या मुठी माझ्याकडे तपासायला आल्या. आता आम्ही वस्तू पुन्हा स्कॅन करून मूळ आकृतीवर ठेवतो. जुळलं तर पडदा हिरवा होतो. पडदा हिरवागार झाला. मी सगळ्या पास केल्या.

थोड्याच दिवसांत मामा आले. बाबांचे मित्र, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. तळहात माझ्यासमोर धरून म्हणाले, “वहिनी, ही मूठ आहे की विंचू? अंगठ्याच्या बुडाशी चावतेय बघा.” खरंच फोड आला होता. त्यांच्यामागून बाकीचेही आले. मी मूठ काढून घेतली, पुन्हा मोजली, मापात काही चूक नाही. उजव्या हाताने लिहून घेत होते म्हणून ती सहज डाव्या हातात धरली, आणि माझा अंगठा आपोआप त्या खाचेत गेला. आत बुडाला आणि बाजूने जागा उरली. रुंद, शेवटाला मागे वाकलेली जागा. तू आणि बाबा जेवणाच्या टेबलावर अंगठ्याला अंगठा लावून कुणाचा जास्त मागे वाकतो ते बघायचात, आणि मी ओरडायचे की जेवण गार होतंय. मला लगेच कळलं. जावई खोके घेऊन दारात आला होता, मी वाटेत होते, तो टुकटुक करत राहिला. मला सरकायचं सुचलं नाही.

वाटलं काय म्हणशील, तर तेव्हाही फार काही नाही. पण मी कुणाला बोलले नाही. तक्रार पुढे सरकवायची ती तशीच ठेवली. जेवणाच्या सुट्टीत उगाच ड्रिलिंगच्या बाजूला चक्कर मारायचे. ओळीतल्या प्रत्येक मशीनवर बाबांचा अंगठा. लोक चुकीच्या हाताने धरायचे आणि शिव्या घालायचे, आणि मला बरं वाटायचं. गेल्या कित्येक महिन्यांत मला बरं वाटलं ते तेवढंच. मामा मात्र हाताला चिंधी बांधून काम करत होते. काल-परवा नोकरीला लागलेली एक मुलगी हात नळाखाली धरून उभी दिसली. हे बाबांनी पाहिलं असतं तर मला उभी-आडवी झाडली असती. मी खोलीत आले आणि सगळ्या मुठी नापास केल्या. लाल रंगाने फुली मारायची असते, प्रत्येकीवर मीच मारली.

स्कॅनवाल्या मुलीला कारण द्यावं लागलं. म्हटलं, ही खाच मुद्दाम केलेली नाही, झीज आहे; धरणारा डावखुरा होता. तिने विचारलं, कोण? मी सांगितलं. ती रडायला लागली, आणि तिला पाणी आणून द्यायला मीच उठले. नंतर तिने माझ्यासमोर आकृती दुरुस्त केली. पडद्यावर खाचेला गोल घातला, एक बटण दाबलं, आणि तिथे काही नव्हतंच असं झालं. जुनी आकृती ठेवते, म्हणाली, काकू, तुम्हाला हव्या तेवढ्या छापून देईन. हव्या तेवढ्या म्हटल्यावर मला एकही नकोशी झाली. मी तिला ती पुसायला लावली.

नापास माल कातरून टाकतात. त्यातली एक मूठ, मी डाव्या हातात धरली होती तीच, साहेबांना विचारून घरी आणलीय आणि या पत्राबरोबर पाठवतेय. पत्र तेवढ्यासाठीच आहे. लाल फुली निघत नाही, मी स्पिरिटने घासून पाहिली. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. घरी रोज धरून बघते, पण माझा अंगठा त्यात बसत नाही, आणि हे मला सोसत नाही. बघ, हे मला वाटतं. तुझ्या प्रश्नाचं एवढंच उत्तर माझ्याकडे आहे. तू ती डाव्या हातात धर. अंगठा बसला, तर फोनवर सांगू नकोस. मूठ घेऊन ये आणि माझ्यासमोर धरून दाखव.

तुझीच,
आई