येते म्हणजे जाते

सोमवार, ३ जून

पाळणाघर बंद होणार! काकू म्हणाल्या, गुडघ्यांनी दगा दिला, आता पोरं उचलवत नाहीत, हा महिना शेवटचा. बाकीच्या आया दारातच हवालदिल. मीही तसाच चेहरा केला. पण इथे खरं लिहायला हरकत नाही — लेकीला, मुंगीला, कडेवर घेऊन जिना उतरताना मला आनंद झाला होता. आता कुणीतरी घरी राहायलाच हवं. आणि ते कुणीतरी म्हणजे मीच की!

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्यांना पॉलिश करत होते आणि मनात मुंगीची दुपार बघत होते. दुपारी ती कशी झोपते, पालथी की कुशीवर, मला माहीत नाही. काकूंना माहीत आहे.

बुधवार, ५ जून

मुंगीला शब्द फुटायला लागलेत, पण भलतेच! सकाळी चपला घालून "येते हं" म्हटलं, तर हात हलवून म्हणते, "आई येते." चेंडू कपाटाखाली गेला — "चेंडू येते." दिवे गेले — "दिवा येते." नवरा हसून हसून लोळला.

मला जरा वेळानं उमगलं. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. तिला कोण सांगणार? तिनं जे पाहिलं ते एवढंच, की आई 'येते' म्हणते आणि दिसेनाशी होते.

शनिवार, ८ जून

हिशेबाला बसलो. आकडे इथे लिहीत नाही, तेवढी तरी जागा स्वच्छ राहू दे. एकाच्या पगारात घर चालतं, पण तो एक म्हणजे मी. नवरा टाइल्सच्या दुकानात विक्रीला, त्याच्या पगारात भाडं दिलं की उरतं काय! मी म्हटलं, पेपर बंद करू, रिक्षा बंद, बाहेरचं खाणं बंद. नणंद आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, दात कोरून पोट भरतं का?"

मला विचारते! मी दिवसभर दुसरं काय करते?

मंगळवार, ११ जून

तरीही लॅबच्या सरांकडे गेले. म्हटलं, नोकरी सोडायचा विचार आहे, मुलगी लहान आहे. सर खुर्चीतून उठलेच. पुढच्या दातांचा रंग माझ्याइतका कुणाला जुळवता येत नाही म्हणाले. शेजारच्या खऱ्या दाताला कळू नये की आपल्या बाजूला खोटा बसलाय, हे माझ्याच हातात आहे म्हणे. आणि उभ्या उभ्या पगार वाढवला. "तू नसणं मला परवडायचं नाही."

कुणीही पेढे वाटले असते. मी मागच्या पायऱ्यांवर बसून रडले. पगार कमी होता तोवर तो सोडायची थोडी तरी आशा होती, आता तर घरी बसणं आणखीच महाग झालं.

घरी सांगितलं. नवऱ्यानं मुंगीच्या केसांतला गुंता सोडवून कंगवा खाली ठेवला. मग म्हणाला, "मग मीच राहतो घरी."

बुधवार, १२ जून

इतका चांगला नवरा. इतका राग आला मला त्याचा!

सोमवार, १ जुलै

त्याचा घरातला पहिला दिवस. सकाळीच सासूबाईंचा फोन — बाप्यानं घरी बसायचं म्हणजे लोक हसतील. हा शांतपणे म्हणाला, हसतील त्याचे दात दिसतील, आणि दात दिसले की हिचाच धंदा वाढेल! मीही हसले. लॅबला पोचेपर्यंत हसू टिकलं नाही.

शुक्रवार, १२ जुलै

संध्याकाळी दार उघडलं तर मुंगी टाळ्या पिटत — "आई गेली! आई गेली!" येते म्हणजे जाते, तर गेली म्हणजे आली. तिचा हिशेब चोख आहे. सासूबाई दोन दिवसांसाठी आल्या आहेत, त्या पांढऱ्याफटक पडल्या. असं अभद्र बोलू नये म्हणून तिला समोर बसवून 'आली' म्हणायला शिकवत होत्या. ती ढिम्म.

जेवताना नवरा मला तिचा सगळा दिवस सांगतो. बिचारा काही वगळत नाही. दुकानातून आणलेल्या टाइल्सच्या तुकड्यांची ती रांग लावते. झोपते ती पालथी, एक पाय चादरीबाहेर.

आता मला माहीत आहे. सांगोवांगी.

सोमवार, १५ जुलै

नवरा दूध आणायला निघाला. "येतो" म्हणाला मात्र, मुंगीनं त्याच्या पायाला मिठी मारून आकांत केला. मला ती रोज हसून हात हलवते.

गुरुवार, १८ जुलै

आज मुद्दाम 'जाते' म्हटलं. एकदा तरी तिच्याशी खरं बोलावं म्हणून.

तिचा चेहरा असा उजळला! खांद्यावरची पर्स ओढली, मला खाली बसवलं, टाइल्सचे तुकडे आणून मांडीत ओतले. "आई जाते, आई जाते" — गाणंच झालं त्याचं. मी चपलांसकट बसून राहिले. नवऱ्यानं हळूच विचारलं, बरं नाही म्हणून कळवू का? मी मानेनंच नको म्हटलं, उठले, 'येते' म्हटलं आणि तिच्याकडे न बघता निघाले.

दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. माझ्याकडे तर ट्रे भरभरून दात आहेत.

शुक्रवार, १९ जुलै

सरांना म्हटलं, वाढवलेला पगार परत घ्या, वर आणखी कापा, पण मला दुपारी सोडा.

"परवडेल तुला?"

"नाही," म्हटलं.

सरांनी हातातला साचा बाजूला ठेवला. मग म्हणाले, पुढचे दात तेवढे सकाळी उरकून जात जा.

घरी भीत भीत सांगितलं. नवरा म्हणाला, दुकानाचे मालक दुपारनंतर बोलावतच होते, बघतो विचारून. त्याचे डोळे चमकले. म्हणजे त्यालाही दुकान आठवत होतं तर! बोलला नाही कधी.

सोमवार, २२ जुलै

भर दुपारी बेल वाजवली. दार उघडलं आणि जिनाभर आवाज — "आई गेली! आई गेली!" वरच्या मजल्यावरच्या आजी घाबऱ्याघुबऱ्या धावत खाली आल्या.

हो आजी, म्हटलं, गेले. आता उद्या सकाळपर्यंत गेलेलीच आहे.