आपल्याला म्हणजे कोणाला?

१४ जुलै २००३
माफ कर. सात महिने तुला उघडलं नाही. कारण शोधत बसले, एकही पटलं नाही. आळस!

कर्वेनगरच्या ब्यूरोतली नोकरी टिकून आहे. घरी पडून असलेल्या रुग्णांकडे आम्ही दिवसभर सांभाळणाऱ्या ताया पाठवतो. आता मालकांना, म्हणजे विक्रमला — वय सत्तावीस, आयटी सोडून आलेला — इंटरनेटवर प्रश्नावली सापडलीय. ताई सोबत असूनही रुग्णाला किती एकटं वाटतं, ते मोजायचं! चाळीसपैकी. तिसाच्या वर गेलं की ताई बदलायची. भाषांतर माझं. 'तुम्हाला' उद्धट वाटलं, म्हणून सगळीकडे 'आपल्याला' केलं. तासभर स्वतःवर खूश होते.

१७ जुलै
हिंमतरावांचे चाळीसपैकी सदतीस! खडकीच्या कारखान्यातून निवृत्त, एक बाजू लुळी. नऊ महिने शालूताई त्यांच्याकडे आहेत. मूळच्या यवतमाळच्या. दोघं दिवसभर पत्ते खेळतात आणि भांडतात.
"मॅडम, डेटा खोटं बोलत नाही," विक्रम म्हणाला. "सोमवारी ताई बदला."
फॉर्म पुन्हा पाहिला. 'आपल्याला घरी जावंसं वाटतं का?' — नेहमी. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर! जायचंय कुठे?

१८ जुलै
जाऊन आले. शालूताई भाजीला गेल्या होत्या.
"आपल्याला म्हणजे आम्हा दोघांना ना?" हिंमतराव म्हणाले. "मग तिला विचारून भरला. हिची पोरगी गावाकडं, हिचं जेवणात लक्ष नाही."
"आणि तुमचं काय?"
"मला कुठली फुरसत? ही गप्प बसते का!"
चूक माझीच. आणि म्हणे बी.ए. मराठी!
'तुम्हाला' घालून पुन्हा भरून घेतला. सहा! तेही पत्त्यांत हरल्याचे असावेत. शालूताई राहणार!

१९ जुलै
विक्रमने सहाचा आकडा कॉम्प्युटरवर चढवला. "सुपर!"
दुपारी हिंमतरावांचा फोन. "बाई, सहा माझे. तिचे सदतीस कुठं टाकले?"
लाइन खराब आहे म्हटलं. नव्हती.

२१ जुलै
शालूताईंना लेकीकडे जायला आठ दिवसांची रजा मिळवली. बदली ताईच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.
उद्या: हिंमतरावांना उठवून कसं बसवायचं, ते शालूताईंकडून शिकणे.