फळीच्या कडेच्या तीन खाचा

रहाटणी,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण शेजारणींशी भांडण्याइतकी ती ठणठणीत आहे. वहिनी कशा आहेत? दिघी काही सातासमुद्रापार नाही, पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

येत्या रविवारी पुण्यात आप्पांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. गॅलरी चालवणाऱ्या रश्मीताईंनी ठरवलंय. त्या आप्पांना अभिव्यक्तिवादी चित्रकार म्हणतात. आप्पा असते तर म्हणाले असते, "अगं, मला नाकडोळे सरळ काढता येत नाहीत, म्हणून वाकडे काढतो." जन्मभर कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर शिफ्ट केली. चाकणहून पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणून पटाशीनं चेहरे कोरले, शाई लावून, पळीच्या पाठीनं घासून कागदावर उतरवले. ते गेल्यावर लोक त्यांना चित्रकार म्हणायला लागले आणि मला ते ऐकायची चटक लागली. तिथंच माझं चुकलं.

'गेटातला' तू कसा विसरशील? त्यांच्या कंपनीतल्या संपात तू ठेकेदाराकडून कामाला गेटातून आत गेलास आणि आप्पांनी तुझा चेहरा कोरला. डोळ्यांच्या जागी खड्डे, तोंड गेटाएवढं उघडं. छाप काढून कंपनीच्या भिंतीवर चिकटवले. त्या दिवसापासून तू घरी आला नाहीस. तुझा राग खोटा नव्हता. पण दादा, ते त्यांचं सगळ्यात चांगलं चित्र आहे, हेही खरं.

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बोलावलं. "त्या फळीवर आडवी रेघ मार, आमू. परत छापायची नाही." छापणाऱ्यांची रीतच आहे ती, काम संपलं की रेघ मारून फळी बाद करायची. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मारलीस?" मी हो म्हणाले. मारली नव्हती. हात धजावला नाही, असं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती फळी मला हवी होती.

रश्मीताईंनी नेमका 'गेटातला' मागितला. भिंतीवरचे छाप कधीच पावसात गेलेले. मग मी गच्चीवर बसून नवे नऊ काढले आणि खाली पेन्सिलीनं आप्पांची सही केली. तुझ्या प्रगतिपुस्तकावर करायचे, तशीच.

परवा आईनं साड्यांखालून एक जुना छाप काढला. भिंतीवर लागायच्या आधी तिनं लपवलेला. कशाला ठेवलास, विचारलं तर म्हणाली, "तोंड वाकडं असलं तरी पोरगं माझंच ना."

मी माझा छाप शेजारी ठेवला. माझ्यात कडेला तीन पांढऱ्या रेघा जास्त होत्या. वाटलं, माझ्याच हातून फळीला काही लागलं. उजेडात धरून पाहिली. पटाशीच्या खाचा आहेत, थरथरत्या हाताच्या. तिन्ही कडेपासून निघतात आणि तुझ्या गालाशी येऊन थांबतात.

आप्पांनी आधी स्वतःच रेघ मारून पाहिली होती, दादा. तीनदा. जमलं नाही म्हणून मला सांगितलं.

आज सकाळी रश्मीताईंना फोन केला. ते नऊ आप्पांचे नाहीत, सही मी केली, असं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आता सगळीच चित्रं पुन्हा तपासावी लागतील, रविवारचं सांगता येत नाही. आप्पांच्या खऱ्या कामावरही आता माझ्यामुळे संशय. आईला अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.

फळी या पत्रासोबत पाठवते आहे, पटाशीही. चेहरा तुझा आहे, रेघ मारायची की नाही ते तू ठरव. फक्त त्याआधी त्या खाचांवरून एकदा बोट फिरव.

खालची सही माझीच आहे.

तुझी धाकटी बहीण,
आम्रपाली