टोबिनला बसवलं ती आठ मिनिटं

हार्लो क्रीक, इंडियाना
रविवार, ८ मार्च १९८७

प्रिय लोवेल,

तू मजेतच असशील. काल जिंकलेला कोच आज मजेत नसेल तर कोण असणार? आईचा गुडघा बरा आहे. चर्चमधून आल्यावर तिने चिकन-नूडल्स केले होते. तू आला नाहीस, म्हणून तुझा वाटाही मीच खाल्ला. रागाने नाही रे, भूक लागली होती.

काल तू जे केलंस ते मीही केलं असतं. जानेवारीत आपल्या दोन शाळांची बास्केटबॉल मॅच झाली तेव्हा तू तुझा नेहमीचा खेळ खेळलास. पण बाद फेरी म्हटली की माणूस दयामाया घरी ठेवून येतो. आमच्यात बुटका कोण ते तू हेरलंस आणि दर वेळी चेंडू त्याच्याच डोक्यावरून तुझ्या त्या ड्यूईला दिलास. ड्यूई सहा फूट सहा, आणि हात असे की न वाकता बुटाची नाडी बांधेल! बुटका तुझा सख्खा पुतण्या, आपला टोबिनच निघाला, त्याला तू तरी काय करणार? मनातल्या मनात मी तुला ज्या शिव्या घातल्या, त्या आईच्या टेबलावर बसून लिहिता येत नाहीत.

शेवटच्या आठ मिनिटांच्या सत्रात मी टोबिनला बाकावर बसवलं आणि आमच्या उंच गसला उतरवलं. उंचापुढे उंच उभा करावा, हे आपल्याकडे न्हावीसुद्धा सांगतो. मॅचच्या माहितीपुस्तिकेत गस सहा फूट चार. आता पुस्तिकेतली उंची म्हणजे बूट घालून मोजलेली, वर कोचच्या मायेचे दोन इंच, हे तुला काय सांगायचं! ते दोन इंच मीच लिहिले होते आणि ऐन वेळी मीच त्यांना भुललो. त्यात गसचे हात आखूड. ड्यूई त्याच्याही डोक्यावरून बास्केट करत राहिला. आणि तुझ्या लंब्यांच्या हातांखालून चेंडू पुढे नेणारा आमच्याकडे एकच होता, तो बाकावर टॉवेल चावत बसला होता. तीन गुणांनी गेलो.

हे सगळं तू पाहिलंसच. लिहायचं होतं ते वेगळंच.

टोबिनची शाळेतली ही शेवटची मॅच होती. कालपासून तो माझ्याशी बोलत नाही. आज जेवताना मीठ माझ्यापुढे होतं, ते त्याने आजीकडे मागितलं. मी म्हटलं, "काकाचा राग आलाय ना?" तेव्हा एकदाच बोलला.

"काकाला माहीत होतं मी बुटका आहे. मी काय करू शकतो, ते तुम्हाला माहीत होतं."

आणि उठून गेला. आई मला म्हणाली, "लोवेलला तुझ्या बापाची उंची मिळाली, तुला माझी. मी कधी तुला ताटावरून उठवलं का रे?" लोवेल, पोराचं बरोबर आहे. मी घाबरलो आणि पोराला बसवलं.

शनिवारी तुमची पुढची मॅच. त्या शाळेची पोरं तुमच्याहून लांब हातांची आहेत, या वेळी बुटके तुम्ही. टोबिन तुमच्या बाजूने बसून बघणार म्हणतोय. गावाला कळलं तर कॅफेत मला कॉफी मिळायची नाही. न मिळू दे. तू त्याला फोन कर. त्याला तुमच्या बाकावर घे आणि लांब हातांखालून कसं निघायचं ते तुझ्या पोरांना शिकवायला सांग. माझ्याशी नाही, पण तुझ्याशी बोलेल तो.

मीही येईन. वर, दाराजवळच्या रांगेत बसेन. आपण होऊन त्याला सांगू नकोस. त्याने विचारलं, तरच सांग.

टोबिनचा बाप आणि तुझा भाऊ,
व्हर्लिन